मांडणी

चपला काठावरच ठेवा. वाळू तापलीय, भराभर चला. हे तापीकाठचं सावळदे, पण चार हजार वर्षांपूर्वीचं. केळीचा एक खांब नाही की नदीवर पूल नाही. कुडाच्या झोपडीपुढे कोणीतरी चाकाशी बसलंय. बाई आहे की पुरुष, ते या उन्हात कळत नाही. चाक संथ आहे. एका हाताने ते ढकलायचं आणि दुसऱ्याने माती वर खेचायची. मडक्याला जाड लेप देतात आणि वाळताना त्याला बारीक भेगा पडतात. काळ्या रंगाच्या चार फटकाऱ्यांत बाणाचं टोक उमटतं. शेजारी गळ, मग मासा. पुढे पुरातत्त्ववाले या खापरांना ‘सावळदा भांडी’ म्हणतील. आज ते नुसतं मडकं आहे, आणि ते तुमच्या हातात ठेवलं जातं. पाणी प्या.

आता मडकं हातात घेऊनच पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला या. काळ तोच. पेरू देश, सुपे नदीचं खोरं, कराल नावाची वस्ती. दगडांचे पिरॅमिडसारखे चौथरे, मधे गोल खोलगट चौक. इथले लोक तुमच्या हाताकडे टक लावून बघताहेत, कारण इथे मडकं नाहीच. एवढं बांधकाम उभं राहिलं, पण माती अजून भट्टीत गेलेली नाही. पाण्याला वाळवलेले भोपळे आहेत आणि शेतात कापूस. जळगाव-धुळ्याच्या माणसाला कापूस ओळखायला सांगावा लागत नाही. तरी तुम्ही थबकता, कारण यातल्या काही झाडांची बोंडं उमलतात तीच तपकिरी. या कापसाची जाळी समुद्राकडे जातात आणि बदल्यात वाळलेले मासे येतात. कोणीतरी हाडाची बासरी फुंकतं. कराललाच अशा ३२ बासऱ्या सापडल्या, पेलिकनच्या आणि काँडर गिधाडाच्या हाडांच्या.

दोन हजारांवर वर्षं पुढे सरका. पेरूचाच उत्तर किनारा, चिकामा खोरं, मोचे लोकांची कुंभारआळी. एव्हाना मातीने इथे सगळी कसर भरून काढलीय. चाक मात्र अजून नाही. कुंभार दोन अर्ध्या साच्यांत ओली माती दाबतो, दोन्ही भाग जोडतो, सांध्यावरून ओलं बोट फिरवतो. साचा निघतो आणि एक माणूस तुमच्याकडे बघत असतो. भुवई किंचित चढलेली, ओठ घट्ट मिटलेले. देव नव्हे, भुताखेताचा मुखवटाही नव्हे, ओळखीच्या कोणाचा तरी चेहरा. डोक्यावर पोकळ मातीची कमान, कमानीच्या माथ्यावर तोटी. या घडणीला जगभरची संग्रहालयं ‘रिकीब-तोटी’ म्हणतात. ज्या कुंभाराने जन्मात घोडा पाहिला नाही त्याच्या भांड्याला घोडेस्वाराच्या रिकिबीचं नाव! पाटीवर नाव कोण लिहितो यावर किती अवलंबून असतं बघा. (इसवी सनाच्या पाचव्या शतकात, जळगावाहून साठेक किलोमीटरवर वाघुरच्या वळणावर, अजिंठ्यातही असेच ओळखीचे वाटणारे चेहरे रंगत होते. तिकडे वळलात तर परत येणार नाही, म्हणून नेत नाही.)

उत्तरेकडच्या एका खोऱ्यात, सिपानला, एका राजाला मूठमाती देताहेत. गर्दीतून मान वर काढून त्याच्या छातीवरचा हार तेवढा बघा. दहा मणी सोन्याचे, दहा चांदीचे. उजवीकडे सोनं, डावीकडे चांदी. आणि मणी कसले? तुमच्या तोंडून आपसूक निघतं, ‘शेंगा!’ भुईमुगाच्याच शेंगा, टरफलावरच्या जाळीसकट. आपल्याकडे भरतात घालतो तो दाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, तिथे राजाबरोबर पुरला गेला. ही कबर पुन्हा उघडेल ती १९८७ साली.

आता १९२६. याच चिकामा खोऱ्यात चिक्लीन नावाचा उसाचा मळा. २८ जुलैला मळ्याच्या मालकाचा पंचवीस वर्षांचा मुलगा, राफाएल लार्को ओइले, मडक्यांचं संग्रहालय उघडतोय. वडिलांनी जमवलेली आणि विकत घेतलेली भांडी फळ्यांवर लागताहेत. मुलगा चेहऱ्यांकडे नाही, तोट्यांच्या काठाकडे बघतोय. काठ कसा वळलाय यावरून जुनं कुठलं, नवं कुठलं हे तो लावेल आणि १९४८ साली मोचे कलेचे पाच टप्पे मांडेल. हजारो मडकी एका नजरेखाली नसती तर हे सुचलं नसतं.

त्याच वर्षाचा शेवटचा दिवस, ३१ डिसेंबर. धुळे. आवाज करू नका, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गेलेत. गावोगावचे वाडे आणि माळे धुंडाळून जमवलेली दप्तरं मागे राहिलीत. त्यांतून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड निघाले, पहिला १८९८चा. नव्या वर्षात, १९२७ साली, धुळ्याची माणसं त्यांच्या नावाने संशोधन मंडळ काढतील. कागदांपाठोपाठ मूर्ती, नाणी, चित्रंही तिथे येतील. एकाचं भांडार मडक्यांचं, दुसऱ्याचं कागदांचं. पण रुमाल सोडून कागदापुढे कागद ठेवत बसणं आणि तोटीपुढे तोटी लावणं यांत मला तरी फरक दिसत नाही.

आजच्या लिमात चला. लार्को संग्रहालय आता तिथे आहे. आत दालनं आहेतच, पण मी तुम्हाला नेतो कोठारात. जवळजवळ तीस हजार भांडी, छतापर्यंतच्या काचेच्या कपाटांत. डोकी डोक्यांशेजारी, पक्षी पक्ष्यांशेजारी. हे कुठेतरी पाहिलंय असं वाटतं ना? खानदेशातल्या कुठल्याही जुन्या स्वयंपाकघरातली भिंत आठवा. वरच्या फळीवर उतरत्या क्रमाने डबे, मग तांबे, मग पेल्यांची रांग. तिलाही आपण मांडणीच म्हणतो. पाहुणी आत आली की त्या भिंतीवरून घर ओळखायची. याउलट अंधारं दालन, काळी मखमल, एकाच मडक्यावर दिवा, ही मांडणी मला जळगावच्या सराफ बाजारातल्या शोकेसची वाटते. वस्तू झळकते खरी. तिच्या भावंडांचा पत्ता लागत नाही.

पेरूच्या किनाऱ्यावर दोन पोटांची जोडभांडीही घडत. पाणी घालून भांडं कलतं केलं की पाणी एका पोटातून दुसऱ्यात जातं, आतली हवा ढकलली जाते आणि भांडं शीळ घालतं. काचेमागे ते कोरडं, गप्प. पाटीवर ‘शिट्टीचे भांडे’. मूळ भांड्यात पाणी घालायला कोणी देणार नाही, आणि देऊही नये. पण नक्कल करून शेजारी ठेवायला काय हरकत आहे?

निघताना हातातलं परत करायचं विसरलात. सावळद्याला जाऊन या. चाकापाशी आता कोणी नाही. झोपडीतून एक हात पुढे येतो, मडकं घेतो, उरलेलं पाणी बाहेर ओततो आणि इतर मडक्यांच्या रांगेत ते पालथं घालतो. चित्राची बाजू कुडाकडे जाते.