मदरबोर्डाचे निष्क्रिय शीतन

संगणकाचे सर्व प्रमुख घटक ज्या मंडल-फलकावर बसवून परस्परांशी जोडतात, त्यास मदरबोर्ड म्हणतात. त्यावरील चिपमध्ये निर्माण होणारी उष्णता पंखा न वापरता, पट्टिका असलेल्या धातूच्या उष्णताशोषकाद्वारे हवेत सोडण्याच्या पद्धतीस निष्क्रिय शीतन म्हणतात. या पद्धतीत आवाज होत नाही व झिजणारा भाग नसतो. मात्र उष्णता दूर नेण्याचे काम सर्वस्वी वहन, अभिसरण व प्रारण यांवर पडते. २००५ च्या सुमारास ड्युअल-कोर, म्हणजे एकाच आवरणात दोन गाभे असलेले सूक्ष्मप्रक्रियक प्रचारात आल्यावर घरगुती संगणकात या पद्धतीस विशेष महत्त्व आले.

इतिहास : उष्णतेचा प्रश्न इलेक्ट्रॉनीय संगणकाइतकाच जुना आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेल्या व १९४६ मध्ये जाहीर झालेल्या एनिॲक या संगणकात सु. १८,००० निर्वात नलिका होत्या. त्यास लागणारी सु. १५० किवॉ. शक्ती जवळजवळ सर्वच उष्णतेत रूपांतरित होई. ट्रँझिस्टर व त्यानंतर संकलित मंडले आल्यामुळे हा भार पुष्कळच हलका झाला. १९७७ मधील ॲपल-२ हा संगणक पंख्याशिवाय चालत असे. १९८० मध्ये ॲपल-३ देखील पंख्याशिवायच बाजारात आला. परंतु त्यातील चिप बैठकीतून सैल होण्याच्या तक्रारी आल्या व साठलेली उष्णता हे त्याचे एक कारण मानले गेले. १९८१ मधील आय. बी. एम. च्या वैयक्तिक संगणकात सूक्ष्मप्रक्रियकावर उष्णताशोषकही नव्हता. १९९३ मध्ये पेंटियम आल्यानंतर मात्र सूक्ष्मप्रक्रियकावर पंखा बसविणे रूढ झाले.

चिपमधील शक्तिव्यय कंप्रतेच्या व विद्युत् दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ट्रँझिस्टरचा आकार व दाब एकाच प्रमाणात कमी केल्यास एकक क्षेत्रफळावरील शक्तिव्यय स्थिर राहतो, असे रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखविले होते. पुढे अतिसूक्ष्म ट्रँझिस्टरांतून प्रवाह गळू लागल्याने दाब त्या प्रमाणात उतरविणे शक्य राहिले नाही. २००४ मधील ३·८ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या पेंटियम ४ चा निर्धारित औष्णिक भार ११५ वॉ. होता, त्याच वर्षी इंटेलने ४ गिगॅहर्ट्‌झची योजना रद्द केली. कंप्रता वाढविण्याऐवजी गाभ्यांची संख्या वाढविण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला. २००६ मधील २·४ गिगॅहर्ट्‌झच्या दोन गाभ्यांच्या कोअर २ ड्युओ ई६६०० चा औष्णिक भार ६५ वॉ. होता.

सूक्ष्मप्रक्रियकाची उष्णता कमी होताच त्याचा मोठा पंखा संथ चालविता येऊ लागला. पंख्याची गती निम्मी केली असता आवाजाची पातळी सु. १५ डेसिबेलने उतरते. त्यामुळे आता मदरबोर्डवरील साहाय्यक चिपचा, सु. ४ सेंमी. व्यासाचा, वेगाने फिरणारा पंखा कर्कश वाटू लागला. २००४ मधील एनफोर्स ४ या चिपसंचाच्या अनेक मदरबोर्डांवर असा पंखा होता. तो धुळीने व धारव्यांच्या झिजेने लवकर बिघडे. २००५ मधील असूसच्या ए८एन-एसएलआय प्रीमियम या मदरबोर्डावर त्याऐवजी उष्णतानळी योजिली होती. बंद नळीतील द्रव तप्त टोकास बाष्प होतो, थंड टोकास पुन्हा द्रवरूप होतो व केशाकर्षणाने मूळ जागी परततो. ही युक्ती लॉस ॲलॅमॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये विकसित केली होती.

निवडीचे निकष : पंखा नाही, एवढ्यावरून मदरबोर्ड योग्य ठरत नाही. अशा अनेक मदरबोर्डांचे उष्णताशोषक सूक्ष्मप्रक्रियकाच्या पंख्याच्या बाजूस पसरणाऱ्या हवेवर अवलंबून असतात. तो पंखा काढून उंच शीतक किंवा जलशीतन बसविल्यास ही हवा थांबते व विद्युत् दाब नियंत्रित करणारे घटक तापतात. चिपवरील उष्णताशोषक आलेखपत्राखाली झाकला जातो काय, हेही पाहावे लागते. पट्टिकांमध्ये पुरेसे अंतर असावे. दाट पट्टिकांतून पंख्याविना हवा सहज वाहत नाही.

भोवतालचे तापमान हा निर्णायक घटक होय. १० वॉ. उष्णता देणाऱ्या चिपवर दर वॉटला ४° से. तापमानवाढ होऊ देणारा उष्णताशोषक असल्यास भोवतालची हवा २५° से. असताना चिप ६५° से. वर, तर हवा ४५° से. असताना ८५° से. वर पोहोचते. विदर्भातील उन्हाळ्यात हा फरक उपेक्षणीय नाही. द्रवयुक्त विद्युत् विच्छेद्य धारित्राचे आयुष्य दर १०° से. वाढीस सु. निम्मे होते, म्हणून घन बहुवारिक धारित्रे असलेला मदरबोर्ड अधिक टिकाऊ ठरतो. उष्ण प्रदेशात पेटीच्या मागील बाजूस एक मोठा, संथ पंखा ठेवणे इष्ट असते.

नंतरच्या घडामोडी : ए. एम. डी. ने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये स्मृतिनियंत्रक सूक्ष्मप्रक्रियकातच समाविष्ट केला. त्यामुळे मदरबोर्डवरील साहाय्यक चिपचे काम घटत गेले व तिचा पंखा बहुतांशी नाहीसा झाला. २०१९ मध्ये ए. एम. डी. च्या एक्स५७० या चिपसंचाबरोबर तो पुन्हा आला. कारण वेगवान जोडमार्गांमुळे चिपची उष्णता वाढली होती. २०२१ मध्ये त्याच चिपसंचाचे पंखाविरहित मदरबोर्डही निघाले. निःशब्दता ही अशा रीतीने निर्माण होणारी उष्णता व तिला उपलब्ध असलेला मार्ग या दोहोंवर अवलंबून असते.