विषाचे रिकामे डबे

१६ जुलै २०१३ रोजीं बिहारांतील सारण जिल्ह्यांत शाळेंतील दुपारच्या जेवणानें तेवीस मुलें दगावलीं. स्वयंपाकाच्या तेलांत मोनोक्रोटोफॉस हें कीटकनाशक सांपडलें. तें तेल औषधाच्या जुन्या डब्यांत ठेवलें असावें, असा संशय आला. घट्ट झांकणाचा डबा फेंकून देणें कोणत्याही कुणब्याच्या जिवावरच येतें.

ब्राझीलमध्येंही असे डबे ओढ्यांत पडत, जाळले जात, पुरले जात. १९९३ सालीं साओ पावलो प्रांतांतील ग्वारिबा येथें ऊंस-उत्पादकांच्या सहकारी संस्थेच्या साह्यानें ते गोळा करण्याचा प्रयोग सुरू झाला. पुढें २००० सालच्या कायद्यानें प्रत्येकाचा वांटा ठरविला. शेतकऱ्यानें डबा तीनदां विसळावा, तें पाणी फवारणीच्या टाकींतच ओतावें, डब्यास भोंक पाडून तो वर्षाच्या आंत परत द्यावा. दुकानदारानें पावतीवर परतीची जागा लिहावी. कारखानदारानें विल्हेवाट लावावी. खरी मेख त्या विसळण्यांत आहे: पैसे मोजून घेतलेलें विष पिकावरच जातें, आणि धुतलेलें प्लास्टिक पुन्हां कामास येतें.

पण केंद्र दूर असेल, तर चार डब्यांसाठीं गाडी कोण जुंपणार? म्हणून ठरल्या दिवशीं संकलनाची गाडीच लहान शेतकऱ्यांच्या गांवाजवळ जाऊं लागली. डबे देणाऱ्यास पावती मिळते. ती त्याला तपासणीसाठीं वर्षभर जपावी लागते.