फड, जोड आणि मोबाईलमधली लढाई

मंडळी, खिलाडूवृत्ती हा शब्द आपण बक्षीस समारंभात इतका वापरला की पार झिजवून टाकलाय. हरलास तरी हसत राहा, एवढाच त्याचा अर्थ उरलाय. आज आम्ही तो जरा इतिहासाच्या अंगाने तपासणार आहोत. आणि त्यासाठी मुख्य उदाहरण घेणार आहोत ते तुमच्या घरातल्या पोरांच्या हातातलं: माणसाने माणसाविरुद्ध खेळायचे ऑनलाईन खेळ, त्यातही ज्यात खेळणारा एखादं पात्र होऊन उतरतो ते. तिथं पोरं शिव्या देतात, नवख्याला चिरडतात, पडलेल्याच्या अंगावर नाचतात, अशी तक्रार आहे. तक्रार खरी आहे. प्रश्न असा की असल्या वागण्याला आवर कशाने बसतो, आणि आपल्याकडे तो आजवर कशाने बसत आला.

इस्लामपुरात उभं राहून हे विचारायचं तर सुरुवात कुस्तीच्या फडापासूनच व्हायला पाहिजे. यात्रेतलं मैदान आठवा. हलगी वाजतीय. दुपारी लहान पोरांच्या कुस्त्या लागतात, नारळावर, खोबऱ्याच्या वाटीवर, दहा-वीस रुपयांवर. कमिटीतला एखादा जाणता माणूस दोन पोरांचे हात धरून त्यांना शेजारी-शेजारी उभं करतो, उंची बघतो, खांदा बघतो, कुठल्या तालमीचा, कुणाचा पठ्ठा हे विचारतो. मेळ नसेल तर ‘जोड होत नाही’ म्हणून दोघांनाही माघारी धाडतो. नव्वद किलोचा गडी साठ किलोच्या पोराला चीत करून बक्षीस नेईल, हे तिथं घडूच दिलं जात नाही. आमच्या मते खिलाडूवृत्तीचा पाया तिथं आहे. सलामी, मिठी, हरलेल्याची पाठ थोपटणं हे सगळं नंतरचं. आधी जोड.

दुसरी गोष्ट नावाची. निवेदक मल्लाचं नाव एकटं कधीच घेत नाही. गाव घेतो, वस्ताद घेतो, जमलं तर बापाचं आणि आज्याचंही घेतो. अशा माणसाने डोळ्यात माती फेकली तर ती अख्ख्या गावाने फेकली असं होतं, आणि पुढच्या जत्रेत त्याला त्याच लोकांसमोर लंगोट लावायचा असतो.

आता कुणी म्हणेल, कुस्तीत कुठं पात्र असतं? बरोबर. त्यासाठी दुसरा फड बघा, शाहिरांचा. आपल्या वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव ज्या परंपरेत वाढले, तिच्यात कलगी-तुऱ्याचे सामने रात्र-रात्र चालायचे. कलगीवाल्याने शक्ती श्रेष्ठ म्हणायची, तुरेवाल्याने शिव. सवाल टाकायचा, जवाब द्यायचा, अडला की हरला. हरलेल्याने डफ खाली ठेवायचा, असा संकेत सांगतात. रात्रभर एकमेकांना झोडपणारे हे लोक सकाळी एका पंगतीला बसू शकायचे, कारण भांडलं ते सोंग होतं आणि सोंग कुठं संपतं हे दोघांनाही ठाऊक होतं. नेहमीच ठाऊक असायचं असं नाही, हातघाईवरही प्रकरणं जायची. पण रेघ कुठं आहे यावर एकमत होतं.

फड म्हणजे सगळं सोन्यासारखं होतं, असं आम्ही म्हणत नाही. नुरा कुस्ती हा शब्द आपल्याच भाषेत आहे ना? ठरवून हरण्यासाठी स्वतंत्र शब्द लागला, म्हणजे तो प्रकार किती असेल बघा. आणि 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत काय झालं, ते सगळ्यांनी पाहिलंय. निकालावरून एका मल्लाने पंचाला लाथ मारली, दुसऱ्याने अंतिम लढत अर्धवट सोडली, आणि दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. टीव्हीसमोर बसलेल्या निम्म्या महाराष्ट्राचं म्हणणं होतं की चूक पंचाची. असेलही. तरी लाथेचं समर्थन करताना बहुतेकांची जीभ अडखळली. ते अडखळणं महत्त्वाचं आहे.

पंचाचा आणि आपल्या बाजूच्या माणसाचा विषय निघालाच आहे, तर कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवू. 1952, हेलसिंकी. जपानच्या शोहाची इशीबरोबर लांबलेली झुंज हरल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावलं. मध्ये अर्धा तास विश्रांती मिळावी असा नियम होता, पण तो बोलून दाखवायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. दमलेले खाशाबा लढले, हरले, आणि कांस्यपदक घेऊन आले. नियम पुस्तकात असून भागत नाही, फडाच्या कडेला तो बोलणारं माणूस लागतं.

आता ऑनलाईन खेळांचा इतिहास याशेजारी ठेवा. 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी ‘मड’ नावाचा खेळ लिहिला. नुसता मजकूर, चित्र नाही, पण अनेकांनी एकाच वेळी एकाच जगात वावरायचं. याच बार्टलने 1996 मध्ये खेळाडूंचे चार स्वभाव मांडले. कमावणारे, धुंडाळणारे, गप्पा मारणारे, आणि चौथे मारणारे, ज्यांचा आनंद दुसऱ्याच्या त्रासात असतो. पुढच्याच वर्षी ‘अल्टिमा ऑनलाईन’ आला. त्यात कुणीही कुणालाही मारून लुटू शकत होतं. झालं काय? नवीन माणूस गावाच्या वेशीबाहेर खाणीत कुदळ मारायला गेला की झाडीतून टोळकं यायचं. कंपनीने खुन्यांची नावं तांबड्या अक्षरांत दाखवायला सुरुवात केली, शिक्षा वाढवल्या. पुरेसं झालं नाही. शेवटी 2000 साली त्याच जगाची हुबेहूब दुसरी प्रत काढली. तिच्यात मर्जीविरुद्ध कुणाला मारता येत नव्हतं. बहुतेक लोक तिकडे गेले. जुन्या जगात मारणारे उरले, पण मारायला भोळं कुणी उरलं नाही, आणि मग तेच कुरकुरायला लागले की खेळात मजा राहिली नाही!

कोरियातली गोष्ट तर आम्हाला वाळव्यात सांगायलाच पाहिजे. ‘लिनिएज 2’ या खेळाच्या बार्ट्झ नावाच्या सर्व्हरवर एका बलाढ्य टोळीने शिकारीची चांगली रानं अडवली, कर वाढवला, परवानगीशिवाय रानात दिसेल त्याला मारायचा हुकूम काढला. 2004 मध्ये त्याविरुद्ध उठाव झाला. लढायला आले कोण, तर दुसऱ्या सर्व्हरवरचे साधे खेळाडू. इथं नवं पात्र काढायचं, अंगावर चिलखत नाही, पात्र नुसत्या आतल्या कपड्यांवर. म्हणून त्यांना ‘बनियन-पलटण’ अशा अर्थाचं नाव पडलं. एकेकटा मुंगीसारखा चिरडला जायचा, पण शेकड्यांनी चालून जायचे. 1943 नंतर नाना पाटलांचं प्रतिसरकार ज्या मातीत उभं राहिलं, तिथल्या लोकांना यातली भावना समजावून सांगायला नको. फरक एवढाच की तिथं मेलेला पुन्हा उठत होता. टोळी हटली, मग जिंकलेल्यांत किल्ल्यांच्या वाटणीवरून भांडणं लागली आणि जुनी टोळी परत आली. तेही आपल्याला नवीन नाही.

या सगळ्यात हळूहळू काय घडत गेलं बघा. खेळ बनवणाऱ्यांनी जोड लावायला सुरुवात केली. अमेरिकेतले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी बुद्धिबळासाठी बसवलेली गुणांकनाची पद्धत 1970 मध्ये जागतिक संघटनेने घेतली. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने वाढवलेल्या पिढ्यांना हे ‘रेटिंग’ चांगलं माहीत आहे. त्याच धर्तीवरची गणितं आज मोबाईलच्या खेळात तुमचा प्रतिस्पर्धी ठरवतात. पण गणिताला चेहरा ओळखता येत नाही. मुरलेला खेळाडू नवं खातं काढतो आणि नवख्यांत शिरून त्यांना झोडतो. म्हणजे केसरीला लढणाऱ्याने नाव बदलून नारळाच्या कुस्तीला उतरायचं. आपल्या फडात हे जमलं असतं का? दहा जणांनी ओळखून हाताला धरून बाहेर काढला असता. उलट बाजूही आहे. मुंबईच्या आदित्य सावंतला ‘डायनॅमो’ म्हणून सगळे ओळखतात. टोपणनाव असलं तरी ते नाव आहे, त्याला गमवायला काहीतरी आहे. अडचण निनावी माणसाची असते.

सोंगाची रेघ सगळ्यात नीट आखली आहे ती ‘जीटीए’वर चालणाऱ्या रोलप्ले सर्व्हरवाल्यांनी, आणि ही बहुतेक विशी-पंचविशीतली पोरं. तिथं कुणी पोलीस होतो, कुणी चोर, कुणी टॅक्सीवाला. कथेत कारण नसताना गोळी घातली तर दंड. पात्र मेल्यावर आपल्याला कुणी मारलं हे त्याने विसरायचं, सूड घ्यायला जायचं नाही. आणि मेटागेमिंग म्हणून एक गुन्हा आहे: चोराचा खेळ यूट्यूबवर थेट बघून तो कुठं लपलाय ते पोलिसाच्या पात्राने ‘ओळखायचं’. माणसाला जे कळलं ते पात्राला कळलेलं नाही, हा भेद पाळायचा. पाळला नाही तर ॲडमिन बाहेर काढतो. कलगी-तुऱ्याच्या शाहिराला हे एका मिनिटात कळलं असतं.

आपण मोठ्यांनी यात काय केलं? मार्च 2019 मध्ये राजकोटला पबजी खेळतात म्हणून तरुणांना अटक झाली. 2 सप्टेंबर 2020 ला केंद्राने 118 ॲपवर बंदी घातली त्यात पबजीही गेला; कारण देशाच्या सुरक्षेचं होतं, पण आपल्या गावांत आनंद झाला तो पोरं सुटली म्हणून. सुटली नाहीत, दुसऱ्या खेळात गेली. ऑगस्ट 2025 च्या नव्या कायद्याने पैशाच्या खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. पैशाचा जुगार बंद झाला ते चांगलंच. पण मान्यता मिळालेल्या या फडात वस्ताद कोण, कमिटीतला जाणता माणूस कोण? तालमीत पोरगं जातं तेव्हा बाप विचारतो, वस्ताद कोण आहे. मोबाईल घेऊन देताना आपण विचारतो, डेटा किती आहे.

शेवटी मुलींचं सांगतो. तालीम ही पिढ्यान्‌पिढ्या बायकांना बंद जागा होती, हे फडाचं कौतुक करताना आम्हाला लपवायचं नाही. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी 2023 च्या मार्चमध्ये सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा जिंकली. ऑनलाईन खेळांत दार पहिल्या दिवसापासून उघडं आहे, पण कितीतरी मुली पुरुषाचं नाव घेऊन खेळतात आणि माईक बंद ठेवतात. आवाज ऐकू आला की काय सुरू होतं ते त्यांना ठाऊक असतं. मघाशी चहाच्या वेळी मागच्या रांगेतल्या मुलींपैकी दोघींनी आम्हाला हेच सांगितलं. तेव्हा पहिला प्रश्न त्यांच्याकडून घेऊ. माईक तिकडे द्या.