हाताने बनवलेले पर्यावरणपूरक दागिने: त्वचेला काय मानवते, काय टाळावे?

नारळाच्या करवंटीची कानातली, बांबूच्या बांगड्या, टेराकोटाचे पेंडंट, जुन्या साडीच्या काठाचा हार. असे दागिने अनेक जण हौसेने घालतात, घरी बनवतातही. पर्यावरणासाठी ते चांगलेच आहेत. पण ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हे मात्र खरे नाही.

पुरळ कशामुळे येते?

बहुतेक वेळा दोष करवंटीचा नसतो, तिला लावलेल्या धातूच्या हुकचा असतो. स्वस्त हुक, साखळ्या आणि फासे यांत निकेल असते. घामामुळे ते थोडे थोडे विरघळते आणि त्वचेत शिरते. ज्यांना निकेलची अॅलर्जी आहे त्यांना कानाची पाळी, मान किंवा मनगटावर खाज, लाली, बारीक पाणीदार फोड येतात. हा त्रास सहसा एक-दोन दिवसांनी दिसतो, त्यामुळे कारण चटकन लक्षात येत नाही. ही अॅलर्जी एकदा झाली की बहुधा आयुष्यभर राहते.

‘जर्मन सिल्व्हर’ या नावाने फसू नका. त्यात चांदी नसते. तांबे, जस्त आणि निकेल असते. पितळ किंवा तांब्यामुळे त्वचेवर पडणारा हिरवा डाग मात्र अॅलर्जी नव्हे, तो साबणाने धुतला जातो.

कोणते साहित्य निवडावे?

• कान टोचलेल्या जागी: टायटॅनियम, शुद्ध सोने किंवा निकेल नसलेली ९२५ चांदी. जुनी चांदी आटवून पुन्हा वापरता येते.
• मणी आणि पेंडंट: करवंटी, बांबू, रुद्राक्ष, तुळशीचे मणी, भाजलेली माती. रंग शिसेविरहित असावा.
• दोरी: सुती, ज्यूट किंवा कापडाच्या चिंध्या. घामाने ओली राहिलेली दोरी काढून वाळवा, नाहीतर बुरशीचा संसर्ग होऊ शकतो.

गुंजेपासून सावध राहा

लाल रंगाची, काळा ठिपका असलेली गुंज दिसायला सुंदर असते. सोनार पूर्वी ती वजनासाठी वापरत. पण तिच्यात अॅब्रिन नावाचे अतिशय जहाल विष असते. अख्खे बी गिळले तर टणक सालीमुळे ते अनेकदा तसेच बाहेर पडते. मात्र चावलेले किंवा माळेसाठी भोक पाडलेले बी जीवघेणे ठरू शकते. इंग्लंडमध्ये २०११ साली अशा बियांची ब्रेसलेट बाजारातून परत मागवावी लागली होती. एरंडाच्या बियांतही रिसिन हे तसेच विष असते. लहान मूल असलेल्या घरात या दोन्ही बियांचे दागिने ठेवू नका.

मुलाने बी चावले किंवा गिळले असेल तर उलटी काढायला लावू नका. लक्षणे काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनीही सुरू होतात. तोवर वाट पाहू नका. उरलेले बी सोबत घेऊन लगेच रुग्णालयात जा किंवा १०८ वर फोन करा.

घरी दागिने बनवत असाल तर

रेझिन घट्ट होण्याआधी त्वचेला लागले तर अॅलर्जी होऊ शकते. नायट्राइलचे हातमोजे घाला आणि खिडक्या उघड्या ठेवा. करवंटी, शिंपले किंवा लाकूड घासताना पाण्याचा हबका मारा आणि एन-९५ मास्क लावा. जुन्या सर्किट बोर्डचे दागिने करू नका, त्यांच्या डाखात शिसे असू शकते. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक आहे आणि त्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही.

पुरळ आल्यास

दागिना लगेच काढा. जागा साध्या पाण्याने धुऊन कोरडी करा. लिंबू, चुना असे काही लावू नका. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टिरॉइड असलेले मलम आणू नका. त्याने त्वचा पातळ होते आणि बुरशी असेल तर ती पसरते. पू, ताप किंवा वाढती सूज असेल, अथवा पुरळ आठवडाभरात कमी झाले नाही, तर डॉक्टरांना दाखवा. पुरळ वारंवार येत असेल तर त्वचारोगतज्ज्ञ ‘पॅच टेस्ट’ करून नेमके कारण शोधू शकतात.

रोज अंगावर राहणाऱ्या मंगळसूत्राबाबतही हेच लागू आहे. मानेला सतत खाज येत असेल तर महिनोन्‌महिने सहन करू नका. अनेकदा फक्त साखळी किंवा फासा बदलला तरी पुरेसे होते.