स्वतःची जमीन नसलेली गाडी

दादर पूर्वेच्या खोदादाद सर्कलला आणि त्याच्या आसपासच्या परिसराला मुंबईकर आजही ‘दादर टी. टी.’ म्हणतात. टॅक्सीवाले म्हणतात, बसचे वाहक म्हणतात, लग्नपत्रिकेतल्या पत्त्यातही ही अक्षरे अधूनमधून दिसतात. वर्गात मी त्यांचा अर्थ विचारतो तेव्हा मुले बहुधा ‘तिकीट तपासनीस’ असे उत्तर देतात. ट्राम टर्मिनस हा मूळ अर्थ आता सांगावा लागतो. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून निघालेली मुंबईची अखेरची ट्राम दादरला येऊन थांबली. गाडी गेली, रूळ डांबराखाली गेले, नाव तेवढे उरले. शहरांच्या स्मृतीचे असेच असते, असे म्हणून विषय सोडून देता येईल. पण मग एक प्रश्न अनुत्तरित राहतो. त्याच शहरात, विजेवर, तसल्याच पोलादी रुळांवर धावणारी लोकल जगली, वाढली, ‘जीवनवाहिनी’ म्हणवली गेली. मग ट्रामच का मेली?

रूढ उत्तर असे की, ट्राम संथ होती, जुनाट झाली होती, तोट्यात चालत होती आणि रहदारीला अडथळा करीत होती. यातले काहीही खोटे नाही. तरीही हे उत्तर मला अपुरे वाटते. कारण ट्राम संथ का झाली, हे त्यात कुठेच येत नाही.

थोडे मागे जाऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली आगगाडी सुटली. चौदा डबे, सुमारे चारशे प्रवासी आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिने, हा तपशील शाळेतल्या पुस्तकामुळे आपल्या परिचयाचा आहे. त्यामागचा करारमदार मात्र तितकासा परिचयाचा नाही. १८४९ साली ईस्ट इंडिया कंपनी आणि ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे यांच्यात झालेल्या करारानुसार रेल्वे कंपनीला गुंतवलेल्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी मिळाली आणि मार्गासाठी लागणारी जमीन सरकारने विनामूल्य दिली. म्हणजे आगगाडीला जन्मतःच स्वतःची वाट मिळाली. त्या वाटेवर दुसऱ्या कुणी यायचे नाही. आले तर तो अतिक्रमणाचा गुन्हा.

ट्राम आली ती एकवीस वर्षांनी. स्टर्न्स अँड किट्रेज या अमेरिकन कंपनीला १८७३ साली परवाना मिळाला आणि ९ मे १८७४ रोजी घोड्यांच्या ट्रामगाड्या दोन मार्गांवर सुरू झाल्या : कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुनी आणि बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुनी. कुलाबा ते पायधुनी भाडे तीन आणे. आरंभी तिकीटही देत नसत. कंपनीच्या तबेल्यात पुढे नऊशे घोडे होते. रेल्वेच्या तुलनेत या कंपनीला काय मिळाले? सार्वजनिक रस्त्यात रूळ टाकण्याची परवानगी. जमीन मिळाली नाही. बैलगाडी, व्हिक्टोरिया, हातगाडी, पाटीवाला, देवळाला निघालेली म्हातारी, या सगळ्यांच्या मधून ट्रामने वाट काढायची होती. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली, १९२० साली दुमजली ट्राम आली; परंतु जमिनीचा हा मूळ करार बदलला नाही.

रेल्वेचा नाद असलेल्या एका मित्राबरोबर मी गेल्या हिवाळ्यात एका रविवारी ही वाट पायी धुंडाळली. रविवार असल्याने मेगाब्लॉक होता. दादरपर्यंत येतानाच लोकलने तिच्या दुखण्यांची ओळख करून दिली. टी. टी.पासून अखेरच्या ट्रामच्या उलट दिशेने, म्हणजे परळ, लालबाग, भायखळा, पायधुनी, क्रॉफर्ड मार्केट असे बोरीबंदरपर्यंत जायचे ठरले होते. मी जमिनीकडे पाहत होतो. डांबर उखडले असेल तिथे एखादा रूळ दिसेल, ही भाबडी आशा. तशी ती अगदीच निराधार नाही. २०१७ साली फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराच्या वेळी खोदकामात ट्रामचे जुने रूळ सापडले होते. लालबागला पोचल्यावर मित्र म्हणाला, “अरे, खाली काय शोधतोस? ट्रामची जागा बघायची तर वर बघ.” वर उड्डाणपूल होता.

त्याचे म्हणणे विनोदाने घेण्यासारखे नाही. लालबागचा उड्डाणपूल २०११ साली वाहतुकीला खुला झाला. पुढे जे. जे. रुग्णालयापासून महंमद अली रोडच्या डोक्यावरून क्रॉफर्ड मार्केटकडे उतरणारा दुसरा पूल २००२ सालचा. ट्रामचा जुना पट्टा जवळजवळ सगळाच आज असा पुलांच्या सावलीत आहे. पुलावर पादचाऱ्याला मज्जाव; जे. जे.च्या पुलावर तर दुचाकीलाही मनाई. याचा अर्थ स्पष्ट आहे. वाहनाला अडथळ्याविना धावायचे असेल तर त्याला स्वतंत्र वाट द्यावी लागते, हे तत्त्व आपल्याला समजत नव्हते असे नाही. आपण ते मोटारीसाठी मान्य केले आणि तिच्यासाठी हवेत जमीन निर्माण केली. ट्रामला मात्र रस्त्याच्या मधोमध असलेली दोन रुळांची जागासुद्धा राखून मिळाली नाही. तिच्या मार्गात मोटारी आल्या, ट्राम अडली. आणि ट्राम मोटारींना अडवते असा निवाडा झाला. रुळांवरची गाडी बाजूला सरू शकत नाही, हा तिचा धर्म. तोच तिचा अपराध ठरला.

लोकलचे चरित्र याच्या अगदी उलट आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर विजेची पहिली गाडी धावली. १९२८ साली पश्चिमेकडची बोरिवलीपर्यंतची वाट विजेवर आली. जमीन हाताशी असल्यामुळे रुळांच्या जोड्या वाढवता आल्या, फलाट लांबवता आले, डबे जोडता आले. कोव्हिडपूर्व काळात दररोज ७५ लाखांच्या आसपास प्रवासी ही व्यवस्था वाहत होती.

परंतु स्वतंत्र जमिनीची किंमतही या शहराने मोजली आहे. रेल्वेची वाट शहर उभे चिरत जाते. एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला काम, अशा माणसाला ती भिंत ओलांडावीच लागते. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. रूळ ओलांडताना आणि गर्दीच्या गाडीतून पडून. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत वीसहून अधिक जीव गेले. ट्रामला लोकलचा वेग नव्हता, पण तिच्यापाशी जाण्यासाठी पूल चढावा लागत नसे. ती रस्त्यातच, माणसाच्या पातळीवर उभी राही. रेल्वेने उपनगरे घडवली. ट्रामने मोहल्ले, बाजार आणि पेठा एकमेकींना जोडल्या. ही दोन निरनिराळी कामे होती. एकीने दुसरीची जागा घेतली, असे म्हणता येणार नाही.

रेल्वेची जमीन तरी अक्षय होती का? कुलाब्याला बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचे टर्मिनस होते. बॅकबेमध्ये भराव घालण्याची योजना आली, किनाऱ्यालगतची जमीन मोलाची झाली आणि १९३० च्या अखेरीस ते स्थानक बंद होऊन चर्चगेट हेच शेवटचे स्थानक झाले. त्या जागी आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत उभी आहे. मुंबईत कोणत्या गाडीने कुठवर जायचे, हे अभियंत्याइतकेच जमिनीचे मोल ठरवते, याचा हा एक पुरावा.

ट्रामचा मृत्यू अटळ होता असे मानणाऱ्यांनी फ्रान्समधल्या नाँत शहराकडे पाहावे. तिथली ट्राम १९५८ साली बंद झाली आणि १९८५ साली नव्याने सुरू झाली. नव्या ट्रामला रस्त्यातच राखीव पट्टा देण्यात आला. ग्रनोब्ल, स्ट्रासबुर्ग ही शहरे त्याच वाटेने गेली. इकडे कोलकात्यात २०२३ साली ट्रामची दीडशे वर्षे साजरी झाली आणि पुढच्याच वर्षी, मैदान ते एस्प्लनेड एवढा वारसा-मार्ग ठेवून बाकीची ट्राम बंद करण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला. कारण तेच : रहदारीला अडथळा.

मुंबईने यावर वेगळा तोडगा काढला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्णपणे सुरू झाली. तिचे एक स्थानक काळबादेवीला आहे. १८७४ साली जिथे घोड्यांची ट्राम रस्त्यातून जात होती, तिथे आता जमिनीखाली खोल उतरून गाडी धरायची. मेट्रो उत्तम आहे, तिचा मी चाहता आहे. परंतु रस्त्याची मालकी मोटारीकडे कायम ठेवून बाकीच्यांनी वर किंवा खाली जावे, हे गृहीतक त्यामागे आहेच. आणि ते कुणी कधी मतास टाकलेले नाही.

रस्त्याच्या पातळीवर आता एकच सार्वजनिक वाहन उरले आहे : बेस्टची बस. ट्रामच्या ऱ्हासकाळात तिची वारस म्हणून जिच्याकडे पाहिले गेले, तीच ही. तिच्याही नावावर जमीन नाही. बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या गेल्या काही वर्षांत घटत आल्या आहेत. उरलेल्या रहदारीत अडकून उशिरा येतात, उशिरा येतात म्हणून प्रवासी सोडून जातात, आणि प्रवासी गेले म्हणून तोटा वाढतो. ट्रामबद्दल जी वाक्ये तेव्हा बोलली गेली, ती आज बसबद्दल ऐकू येतात : संथ आहे, तोट्यात आहे, रस्ता अडवते. इतिहासाच्या अभ्यासकाने भविष्य सांगू नये, हा संकेत मी पाळतो. तरीही हे शब्द पुन्हा कानावर आले म्हणजे एवढे विचारायला हवे की, रस्ता नेमका कोण अडवीत आहे. एका बसमधली साठ माणसे, की तिच्या पुढेमागे एकेका माणसाला घेऊन उभ्या असलेल्या साठ मोटारी?