राणीच्या छातीचं माप

पोळं कापलं आणि मधाबरोबर पांढऱ्या अळ्याही पिळल्या गेल्या, असं पूर्वी सर्रास व्हायचं. मध नासायचा, पुढची पिढीही मरायची. राणी दिवसाला हजाराच्या वर अंडी घालू शकते, तीही रिकामं घर दिसेल तिथे. तिला मधापासून दूर, खाली ठेवायचं, पण कामकरी माशांची वाट अडवायची नाही, हा पेच होता.

तो पहिल्यांदा सोडवला युक्रेनच्या पेत्रो प्रोकोपोविचने. 1814 मध्ये त्याने चौकटींची पेटी बनवली आणि मधाच्या कप्प्याआड एक लाकडी फळी बसवली. फळीला बारीक फटी होत्या. त्यांतून कामकरी जात, राणी अडत असे. पुढे 1828 मध्ये त्याने मधपाळांसाठी शाळाच काढली. फ्रान्समधले धर्मगुरू कोलँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास हीच युक्ती पत्र्यात उतरवली, आणि राणीरोधक जाळी घडली.

सगळी करामत छातीची आहे. राणीचं लांबट पोट लवचिक असतं, ते आक्रसतं. पंख-पाय पेलणारी छाती मात्र टणक, ती दबत नाही. युरोपीय माशीसाठी फट साधारण सव्वाचार मिलिमीटरची ठेवतात. कामकरी अंग चोरून निघून जाते. राणी डोकं घालते, छातीपाशी अडते, मागे फिरते. जाडजूड नरही अडकतात.

1865 मध्ये ह्रुश्का नावाच्या मधपाळाने मध काढायचं फिरतं यंत्र आणलं. पोळं न मोडता मध निघू लागला, तशी अळ्या नसलेल्या चौकटींची किंमत वाढली.

आपली सातेरी मधमाशी युरोपीय माशीपेक्षा लहान, म्हणून तिची फटही बारीक हवी. विकत आणलेली जाळी कोणत्या माशीची, हे आधी विचारावं. काही अनुभवी मधपाळ तर जाळी लावतच नाहीत; कामकरी वर जायला कचरतात, असं त्यांचं म्हणणं. फुलोरा ओसरल्यावर तरी ती काढावीच.

परसातल्या पेटीवर जाळी चढवण्याआधी खालच्या चौकटी उन्हाकडे धरून बघा. घरांच्या तळाशी तांदळाच्या कणीसारखी अंडी दिसली, तर गेल्या तीन दिवसांत राणी तिथे होती. अंडं तीनच दिवस अंडं राहतं. मग वरच्या चौकटीही एकेक करून तपासा. राणी वर राहिली आणि जाळी बसली, तर अळ्या मधाच्याच कोठीत वाढतील.