एक जानेवारीच्या मानवंदनेची कुळकथा

डिसेंबरच्या अखेरच्या रात्री बारामती-इंदापूरकडच्या वस्त्यांतून निळे झेंडे लावलेल्या गाड्या निघतात. पाटस, चौफुला, न्हावरे करत नगर रस्ता गाठायचा. सगळे म्हणतात, ‘भीमा कोरेगावला चाललो’. ज्याला मानवंदना द्यायची तो स्तंभ मात्र कोरेगावहून नदीच्या पलीकडे, हवेली तालुक्यातल्या पेरण्यात आहे. हीच भीमा पुढे इंदापूरच्या कडेने उजनीच्या फुगवट्यात जाते.

स्तंभ कंपनी सरकारचा. १ जानेवारी १८१८ रोजी शिरूरहून पुण्याकडे निघालेल्या कॅप्टन स्टाँटनच्या सुमारे आठशे माणसांची कोरेगावात दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेशी गाठ पडली. दिवसभर गावात झुंज चालली आणि रात्री पेशव्यांची फौज मागे हटली. कंपनीचे २७५ लोक मेले, जखमी किंवा बेपत्ता झाले. १८२१ साली स्तंभाची पायाभरणी झाली, ती कंपनीने आपली शान मिरवण्यासाठी. पण लढाईत पडलेल्या ४९ जणांची नावं दगडावर कोरली गेली आणि त्यांतली २२ ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात. ही महार शिपायांची नावं. गावात ज्यांना वेशीबाहेर राहावं लागे, त्यांची नावं सरकारी दगडावर आली.

तरी यात्रा तेव्हा सुरू झाली नाही. तिचं कारण पुढे घडलं. १८५७ नंतर इंग्रजांच्या डोक्यात ‘लढवय्या वंशां’चं खूळ शिरलं. शीख, गुरखा, पठाण हे जन्मजात शूर, बाकीचे नालायक. त्या हिशेबात १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. नोकरी गेली, पेन्शन गेली आणि लष्करी छावणीतल्या शाळेने दिलेली अक्षरओळखही पुढच्या पिढीला दुरावली. वंशाचा आणि जातीचा अन्याय इथे एकाच हुकुमात भेटला.

मग भरती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज सुरू झाले. निवृत्त फौजी गोपाळबाबा वलंगकरांनी लिहिलं. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. कोरेगावच्या स्तंभापाशी त्यांनी सभाही घेतल्या. आमचे पूर्वज तुमच्यासाठी लढले, हा बघा पुरावा, असा तो युक्तिवाद होता. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध सरल्यावर मोडलीही. गरज सरो नि वैद्य मरो!

१ जानेवारी १९२७ रोजी सुभेदार रामजी सकपाळांचे चिरंजीव, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, स्तंभाला आले. अडीचच महिन्यांनी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह पेटायचा होता. गोऱ्या साहेबाला दाखवायचा पुरावा त्या दिवसापासून आपल्याच लोकांना दाखवायचा झाला.

अर्थात १८१८ च्या लढाईत कंपनीच्या पलटणीत इतर जातींचे आणि मुसलमान शिपाईही होते. ही लढाई निर्णायक होती का, यावर इतिहासकार आजही भांडतात. २०१८ साली लढाईच्या द्विशताब्दीला तर कोरेगावात दंगलच उसळली.

अर्जांची मागणी १ ऑक्टोबर १९४१ रोजी पुरी झाली: बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली आणि तिच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ आला. पुढे तो बिल्ल्यावरून काढला गेला, तरी पेरण्याची गर्दी ओसरली नाही. समता सैनिक दलाचे स्वयंसेवक आणि निवृत्त फौजी आजही तिथे सलामी देतात. भरतीचा प्रश्न सुटला. बरोबरीच्या मानाचा सुटलेला नाही, म्हणून गाड्या निघतात.